तिसरी पायरी

वैशाखात मुठेला पाणी कसलं,
डबकी, जलपर्णी, अर्धं रुतलेलं टायर.
आणि आम्ही गेरूचा डबा घेऊन
वस्तीत दारोदार पूर विचारत फिरतोय.

लोक हसतात. हसणारच.
टँकरच्या रांगेत उभ्या माणसाला
कोणी विचारावं का,
'पाणी कुठवर आलं होतं हो?'

कोणी गुडघा दाखवतं, कोणी खिडकीचा गज.
झुंबरबाई कुचेकर देव्हाऱ्याकडे बोट करतात:
'खंडोबाच्या नाकात गेलं होतं. तिथं मार रेघ.'
मी मारतो. खंडोबाच्या नाकाएवढी.

आमची संस्था म्हणजे
रास्ता पेठेत जिन्याखालची एक खोली,
एक पावतीपुस्तक, सत्तावीस शिट्ट्या,
आणि पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले घोलपकाका,
ज्यांना क्युसेक कळतो.

बाकी कोणाला कळतो?
बातमीत सांगतात, धरणातून इतके हजार सोडले.
हजार काय, रुपये?
म्हणून काकांनी तीन पावसाळे वहीत मांडून
आकड्यांच्या पायऱ्या केल्या.
वीस हजार म्हणजे घाटाची खालची.
तीस, मरीआईच्या ओट्याची दुसरी.
तिसरी ओली व्हायच्या आत
भात शेगडीवर असला तरी
गॅस बंद करायचा, भात सोडायचा, निघायचं.
ओट्यावर काकांच्या वळणदार अक्षरात पाटी:
'येथपर्यंत पाणी येते.
वाद घालायचा असल्यास
शाळेच्या गच्चीवर जाऊन घालावा.'

वर टेकडीवरचं काम निराळं.
तिथे रेघ आम्ही मारत नाही, ती आपोआप पडते.
हमीदाच्या मागच्या भिंतीला भेग आहे,
दोन्ही टोकांना पेन्सिलीची खूण, शेजारी तारीख.
तिचा शाहिद शाळेत जाण्याआधी
रोज भेगेत काहीतरी घालून बघतो.
पोस्टकार्ड जातं. रुपया अडतो.
रुपया गेला की आम्हाला फोन.

रंगीत तालीम भर दुपारी.
शिट्टी झाली, अर्धी वस्ती झोपलेली.
चार पोरांनी झुंबरबाईंना
प्लास्टिकच्या खुर्चीसकट उचललं.
त्या ओरडल्या, 'मेल्यांनो, लग्नातसुद्धा मी चालतच आले होते!'
गच्चीपर्यंत बावीस मिनिटं.
एक जण रेशनकार्डासाठी मागे फिरला,
एक जण पोपटासाठी.
काकांनी वहीत लिहिलं: पोपट आधी.
दुसऱ्यांदा तेरा.

श्रावणात एका रात्री पावणेतीनला
खरी शिट्टी झाली.
पोपट पहिला निघाला.
कागद पिशवीत, पिशवी गळ्यात,
वैजयंताचं आठ दिवसांचं बाळ
दुपट्यात, दुपटं घमेल्यात.
कोणी रडलं नाही; चिडले मात्र सगळे.
टेकडीवरची अकरा घरं
संध्याकाळीच समाजमंदिरात जाऊन बसली होती.
रुपया गेला होता.

उजाडेपर्यंत पाणी तिसऱ्या पायरीवर
गुरासारखं उभं राहिलं,
मग मागे सरलं.
हमीदाच्या रिकाम्या मोरीत
टेकडीने घरभर माती टाकली.
भिंत आडवी. भांडी चेपलेली.
गच्चीवर कुरकुर: 'उगाच उठवलंत.'
'माझा भात नासला.'
मी ते ऐकत उभा होतो,
आणि मला कितीतरी वेळ खाली उतरावंसं वाटेना.

देणगी देणाऱ्या कंपनीचा माणूस आला.
म्हणाला, फोटो आहेत का,
नावेतून बाहेर काढतानाचे वगैरे?
नाहीत.
वहीत त्या तारखेपुढे काकांनी लिहिलंय:
कोणी नाही.
त्याने पान उलटून पाहिलं, पुढे काही आहे का.

शाहिद मात्र हिशेबाला पक्का.
त्याचा रुपया भिंतीत गेला तो गेला,
आता ढिगाऱ्यात शोधणार कोण.
संस्थेने भरून द्यावा म्हणतो, पावतीसकट.
मी म्हटलं, किरकोळ खर्चात टाका.
काकांनी चष्मा पुसला, पेन झटकलं,
आणि लिहिलं:
उपकरणे. रुपये एक.